शेजारी आले होते

द हेगमध्ये मी खोली शोधत होते तेव्हा प्रत्येक घरमालकाने आधी पगाराची स्लिप मागितली. या एकाच माणसाने विचारलं, "तुमच्या गावात माणूस मेला की त्याची जमीन कुणाकडे गेली हे कोण लिहून ठेवतं?"

"तलाठी," मी म्हणाले. "गावच्या जमिनीचं दप्तर सांभाळणारा सरकारी माणूस. माझे आजोबा तलाठी होते."

त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "खोली तुझी." तिसऱ्या मजल्यावरची ती खोली मी तोवर पाहिलीही नव्हती.

राहायला गेले त्याच आठवड्यात त्यांनी मला पुण्याहून आमच्या शेताच्या सात-बाराचा फोटो मागवायला लावला. बाबांना वाटलं, व्हिसाचं काही काम असेल. सरांनी दोन तास तो कागद माझ्याकडून वाचून घेतला. वारस कसा लागतो, कूळ म्हणजे कोण, फेरफार कुणासमोर होतो, पडीक कशाला म्हणायचं. शेवटी भिंग लावून त्यांनी तलाठ्याची सही पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "हा माणूस घाईत होता." पुढे घरी कुणी आलं की ते माझी ओळख 'तलाठ्यांची नात' अशी करून द्यायचे. मी एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहिते, हे त्यांच्या लक्षात कधी राहिलं नाही.

मी त्यांना सर म्हणायचे. ते त्यांना पसंत नव्हतं. "मला अजून कुणी 'सर' हा किताब दिलेला नाही," असं ते सुनवायचे. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारणं माझ्या तोंडून होईना, आणि शेवटी त्यांनी नाद सोडला.

ते इंग्रज. मध्ययुगाचे इतिहासकार, आणि त्यातही इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एकाच खेड्याचे. त्या खेड्याची प्लेगच्या साथीतली वर्षं, ज्या साथीने युरोपातली गावंच्या गावं ओस पाडली, हा त्यांचा जन्मभराचा विषय. तिथल्या जमीनदाराच्या कचेरीतल्या चामड्याच्या गुंडाळ्या अजून शाबूत आहेत. त्या काळी मरणाऱ्या कुळाला आपली जमीन कुणाला द्यायची ते अंथरुणावरून तोंडी सांगता यायचं. अट एकच, ऐकायला साक्षीदार हवेत. मग कारकून लॅटिनमध्ये लिहायचा, अमका मरणाच्या दारात असताना तमक्यांच्या समक्ष असं असं बोलला. प्लेगच्या वर्षातही ही साक्षीदारांची नावं थांबलेली नाहीत. सरांची सगळी कीर्ती या एका निरीक्षणावर उभी होती. घरात प्लेग आहे हे माहीत असून लोक त्या घरात गेले, खाटेजवळ उभे राहिले, शेवटचं बोलणं ऐकून बाहेर आले. त्यांच्या पुस्तकाचं पहिलं वाक्यच होतं, 'शेजारी आले होते.'

त्या खेड्याला ते 'आमचं गाव' म्हणत. एकदा सकाळी मी खाली चहाला गेले तर ते पावाचा तुकडा हातात धरून नुसते बसलेले. "जोन गेली," म्हणाले. मला वाटलं बहीण असेल. मी खुर्ची ओढून जवळ बसले, पाणी दिलं, काही खाऊन घ्या म्हटलं. बऱ्याच वेळाने कळलं की जोन ही त्यांच्या गावातली बिअर गाळणारी विधवा. ओल लागून पुसट झालेला एक शब्द त्यांना आदल्या दिवशी नव्या फोटोत वाचता आला होता, आणि जोन उन्हाळ्याआधीच वारली असं निघालं होतं. "काल संध्याकाळपर्यंत मी तिला जिवंत धरून चाललो होतो," ते म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत.

घरातला हीटर सोळा अंशांच्या वर जात नसे. ते स्वतः दोन स्वेटर घालून वावरत आणि पाहुण्याला तिसरा देत. सायकलला कुलूप लावत नसत. सरकारी पत्रं फक्त गुरुवारी उघडत. नगरपालिकेशी त्यांचा फुटपाथवरच्या एका झाडावरून बारा वर्षं पत्रव्यवहार चालला होता, शाईच्या पेनाने, चुकांनी भरलेल्या डचमध्ये. ती डच त्यांना बायकोने शिकवली होती. तिच्यासाठीच ते इंग्लंड सोडून इथे आले होते.

बाई डच. सुईण होत्या. इथे अजूनही पुष्कळ बाळंतपणं घरी होतात, आणि चाळीस वर्षं बाई सायकलच्या मागे बॅग बांधून द हेगच्या गल्ल्यांतून, कुणाच्याही दारात, कसल्याही हवेत जात राहिल्या. त्या कधी घाबरलेल्या दिसल्या नाहीत असं रस्त्यावरचं कुणीही सांगायचं. मी राहायला आले त्याच्या थोडं आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता आणि त्या सायकलने पंधरा मिनिटांवरच्या एका शुश्रूषागृहात होत्या. सर रोज तीनला जायचे, पाचला परत यायचे. एक दिवसही चुकला नाही. मी त्यांच्याबरोबर जाऊन बाईंना बेसनाचे लाडू देऊन आले होते. बाईंनी अर्धा लाडू खाल्ला, अर्धा सरांच्या कोटाच्या खिशात ठेवला आणि डाव्या हाताने खिसा थोपटला.

मग तो मार्च आला. शुश्रूषागृहांची दारं बंद झाली. सर तरीही रोज तीनला निघायचे. बाईंची खोली तळमजल्यावर होती. ते बागेच्या बाजूने खिडकीशी उभे राहायचे, काचेला हात लावायचे, पाचला परत यायचे.

त्याच दिवसांत अचानक जगाला सर हवेसे झाले. रेडिओवाल्यांचे फोन, वर्तमानपत्रांचे फोन. प्लेगच्या काळात माणसं कशी वागली, हे विचारायला त्यांच्याहून योग्य माणूस कोण? मी वर लॅपटॉपवर काम करत असायचे आणि लाकडी जमिनीतून त्यांचा आवाज यायचा. शांत, खर्जातला, ठाम. "लोक पळाले असं आपण शाळेत शिकलो. कागद वेगळं सांगतात. शेजारी आले होते. आपणही येऊ." एका बाईने दारात ट्यूलिपची जुडी ठेवली. माझ्या ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने त्यांचं वाक्य वाचून दाखवलं. पुण्याहून आईचा रोज फोन यायचा. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "देवमाणसाच्या घरी पडलीस गं. मला तेवढाच धीर." मलाही होता. खोटं कशाला सांगू, त्या आवाजावर मी ते दिवस काढत होते.

एप्रिलमध्ये बाईंना कोरोना झाला. त्यांना मागच्या बाजूच्या वेगळ्या विभागात हलवलं, जिथे बागेतून जाता येत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी सर रेडिओवर बोलले. त्यानंतर तासाभरात खाली फोन वाजला, आणि थोड्या वेळाने जिन्यावर पावलं ऐकू आली. इथले जिने शिडीसारखे उभे. सर तिसऱ्या मजल्यावर कधीच चढत नसत. मी दार उघडलं. ते दोन पायऱ्या खाली, कठड्याचा दोर धरून उभे होते.

"तिथून फोन होता," ते म्हणाले. "डॉक्टरांच्या मते आजचा दिवस. एकाच माणसाला आत सोडणार आहेत. नाव द्यायचं होतं."

"मग निघा ना सर. सायकलवर नका जाऊ, मी टॅक्सी बघते."

"मी तुझं नाव दिलं."

मला वाटलं मला इंग्रजी नीट कळलं नाही. मी विचारलं, "माझं?"

"अडीचला बोलावलंय. ओळखपत्र लागेल."

"सर, मी त्यांना फक्त दोनदा भेटले आहे."

"तीनदा," ते म्हणाले.

"तुम्ही का नाही जात?"

ते पायऱ्यांकडे बघत राहिले. "माझ्याच्याने होणार नाही."

"तुम्हाला लागण होईल म्हणून?"

त्यांनी दोर धरला आणि पाठमोरे, एकेक पायरी चाचपत उतरून गेले.

मी पलंगावर बसले. आज सकाळीच याच जमिनीखालून मी ऐकलं होतं, शेजारी आले होते, आपणही येऊ. आणि हा माणूस स्वतःच्या बायकोकडे भाडेकरूला पाठवत होता. मला काही झालं तर? विमानं बंद. आईबाबा तिकडे. इथे माझं कोण? मी मनात नकार तयार केला, दोनदा घोकलाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. शुश्रूषागृहातली नर्स होती, सरांनी माझा नंबरही दिला होता. तिने माझं आडनाव अडखळत उच्चारलं आणि विचारलं, "तुम्ही येताय ना? ती सारखी दाराकडे बघते आहे."

मी हो म्हणाले. धैर्य वगैरे काही नव्हतं. त्या नर्सला नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही, एवढंच. निघताना सर हॉलमध्ये टेलिफोनशेजारच्या खुर्चीवर बसले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

ती नर्स सुरिनामी हिंदुस्तानी निघाली, पूर्वी मजुरीसाठी सुरिनामला नेलेल्या भारतीयांच्या वंशातली. तिने मला प्लॅस्टिकचा झगा चढवला, चष्मा, मास्क, हातमोजे. मी थरथरतेय हे बघून तिच्या आजीच्या हिंदीत म्हणाली, "बैठ जा बेटी, हम बाहर हैं." आणि दार लोटून गेली.

बाई फार लहान दिसत होत्या. श्वास उथळ, भरभर. त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मी त्यांचा चांगला हात हातात घेतला. माझा चष्मा वाफेने भरला होता, खांदे वर-खाली होत होते. बाईंची नजर माझ्या खांद्यांवर आली आणि तिथेच थांबली. मग त्या डचमध्ये बोलल्या. झटक्यानंतर त्यांचे शब्द तुटक यायचे, पण हे शब्द अगदी साफ आले. "हळू. नाकाने आत. तोंडाने बाहेर. हळू." त्यांनी माझा हात त्या लयीत दाबायला सुरुवात केली. किती बायकांना त्यांनी असं सांगितलं असेल. मी तसा श्वास घेतला. मरणाऱ्या बाईने मला शांत केलं आणि मी तिला ते करू दिलं, याची लाज मला पुढे बरेच महिने पुरली.

साधारण तासाने त्यांनी विचारलं, "तो कुठे आहे?"

मी म्हणाले, "बाहेर आहेत. खिडकीशी."

त्यांनी मान वळवली. खिडकीला पडदा होता. त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

मी घरी फोन लावला, बाईंच्या कानाशी धरायच्या तयारीने. घंटा वाजत राहिली. सर त्या टेलिफोनपासून हातभर अंतरावर बसले आहेत हे मला माहीत होतं. मी तीनदा लावला. तिन्ही वेळा तो वाजून वाजून बंद झाला.

पाचनंतर थोड्या वेळाने बाई गेल्या. बाहेर लख्ख उजेड होता. नर्स आली, तिने पडदा सारला, खिडकी उघडली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

घरी पोचले तेव्हा सर त्याच खुर्चीवर होते. मांडीवर वही. त्यांनी मला दारातच थांबवलं, दोन मीटरवर, आणि विचारायला लागले. किती वाजता? तोंड कोणत्या बाजूला होतं? खोलीत आणखी कोण होतं? काय बोलली, कोणत्या भाषेत, नेमके शब्द काय? मला वाटलं, मी आता या माणसाच्या अंगावर काहीतरी फेकेन. पण मी उत्तरं देत गेले. एकेक शब्द. त्या घाबरल्या नव्हत्या, हेही. ते लिहीत गेले.

"तुमच्याबद्दल विचारलं," मी म्हणाले. "तो कुठे आहे, असं."

पेन थांबलं. "तू काय सांगितलंस?"

"खिडकीबाहेर आहात म्हणून."

मग त्यांनी मान खाली घातली आणि तेही लिहून घेतलं.

पाचव्या दिवशी मला ताप आला. आठवडाभर होता. आईला सांगितलं नाही, ऑफिसला सर्दी म्हणून कळवलं. या आठ दिवसांत सर माझ्या जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसून होते. डब्यातलं टोमॅटो सूप गरम करून पायरीवर ठेवायचे, आणि दर तासाला खालून विचारायचे, "आहेस का?" मी "आहे" म्हणेपर्यंत परत परत विचारायचे. एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. चार वेळा हाक आली, मग पायऱ्या चढल्याचा आवाज आला. मी घाईने "आहे, आहे" म्हणाले. पावलं उतरून गेली. माझ्यासाठी चढत होता हा माणूस. त्या दिवशी मला त्यांचा जास्तच राग आला.

बाईंना एक धाकटा भाऊ होता, एनस्खेडेला. निवृत्त इंजिनिअर. बहीण गेली तेव्हा तो स्वतः आजारी पडून होता. अंत्यसंस्कार त्याने स्क्रीनवर पाहिले. उन्हाळ्यात नियम सैल झाले तेव्हा तो आगगाडीने आला. मागच्या बागेत तीन खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा तो सरांना सांगत होता, "मला एकाच गोष्टीचं समाधान आहे. तू तिच्याजवळ होतास."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हो," म्हणाले.

कॉफी माझ्या हातावर सांडली. भाऊ उठून नॅपकिन द्यायला आला, किती भला माणूस. मी वर गेले आणि त्याच दुपारी अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मैत्रिणीला फोन केला की तुझ्याकडे खोली बघ. सरांना सांगितलं, मी घर सोडणार आहे. त्यांनी कारण विचारलं नाही. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. पण त्या वर्षी घर मिळणं सोपं नव्हतं. महिने जात राहिले आणि मी तिथेच राहिले. आम्ही नळ, कचरा आणि किल्ल्या यांपलीकडे बोलत नव्हतो.

रेडिओवाल्यांना त्यांनी नाही म्हणायला सुरुवात केली होती. दिवसभर जेवणाच्या टेबलावर त्या चामड्याच्या गुंडाळ्यांचे जुने फोटो पसरलेले असायचे. ते एक यादी करत होते. मी जाता-येता पाहायचे, लांबलचक कागद आणि त्यावर लाल शाईने खुणा.

शरद ऋतूत इंग्लंडमधल्या त्यांच्या जुन्या विद्यापीठाने त्यांचं ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. पुस्तकाचा गौरव म्हणून. त्यांनी जिन्याखालून विचारलं, "मला हे यंत्र लावून देशील का? उपकार म्हणून नाही. मला येत नाही म्हणून." मी लावून दिलं आणि काही अडलं तर हवं म्हणून टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्याबाहेर बसले. स्क्रीनवर माणसांचे चौकोन भरत गेले. पांढऱ्या केसांचे प्राध्यापक, विद्यार्थी. एका चौकोनात बाईंचा भाऊ, पाठीमागे पुस्तकांचं कपाट. सरांनी त्याला स्वतः बोलावलं होतं.

त्यांनी सुरुवात नेहमीच्या वाक्याने केली. मग कागद बाजूला ठेवला.

"हे वाक्य चूक आहे," ते म्हणाले. "साक्षीदारांच्या नावांत एक नाव आहे, ॲडम. आडनाव नाही. एका घरात तो, पुढच्या घरात तो, त्याच्या पुढच्याही. मी हे तरुणपणीच पाहिलं होतं. तळटीपेत लिहिलं, 'विशेष धाडसी शेजारी'. तो कुणाचा शेजारी नव्हता. त्याला त्या गावात घर नव्हतं, जमीन नव्हती. लोकांच्या गोठ्यात झोपायचा. ज्या मुलांना, ज्या भावांना, ज्या नवऱ्यांना आत जायचं नव्हतं, त्यांनी त्याला आत पाठवलं. दुसरा साक्षीदार बहुधा दाराबाहेर उभा राहिला. उन्हाळ्याच्या शेवटी ॲडमचं नाव बंद होतं. तो मेला असणार. त्याची नोंद नाही, कारण त्याच्याकडे कुणाला द्यायला काही नव्हतं. हे मला कागदावरून कळायला हवं होतं. कागदावर होतं ते. मला ते या एप्रिलमध्ये कळलं, कारण मी तेच केलं. माझी बायको मरत होती, मला आत येऊ देत होते, आणि मी माझ्याऐवजी दुसऱ्याला पाठवलं."

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. हे ते मला आधी सांगतील असं मला कुठेतरी वाटत होतं. त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

मग एनस्खेडेच्या चौकोनातून आवाज आला, डचमध्ये. "तिच्याजवळ कोण होतं?"

सरांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्याकडे वळवला.

मी घरातल्या ढगळ टी-शर्टमध्ये, केस वर बांधलेले. स्क्रीनवर माझा चेहरा आला आणि त्याच्या शेजारी भावाचा. त्याने मला ओळखलं, कॉफी सांडणारी मुलगी. बघत राहिला. मग त्याने विचारलं, "तिला त्रास झाला का?" एवढी सगळी माणसं ऐकत होती. मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाले, "श्वासाचा झाला. पण त्या घाबरल्या नव्हत्या. मी घाबरले होते. त्यांनी मला श्वास घ्यायला शिकवलं."

त्याने चेहरा हातांनी झाकला. मग त्याचा चौकोन काळा झाला.

तो सरांशी पुन्हा कधी बोलला नाही. मला मात्र वर्षातून दोनदा फोन करतो. बहिणीच्या लहानपणीच्या गोष्टी सांगतो, एनस्खेडेला ये म्हणतो. दोनदा जाऊन आले. सरांचा विषय निघत नाही.

व्याख्यानानंतर पत्रं आली. जाणत्या लोकांनी समजुतीने लिहिलं की दुःखात माणसाचा तोल जातो, इतकं टोकाला जायचं कारण नाही, ॲडमविषयीचा पुरावा दोन्हीकडे वाचता येतो. प्रकाशकाने नवी आवृत्ती काढायला नकार दिला. तेव्हा सरांनी स्वतः एका पानाची दुरुस्ती छापून घेतली आणि ज्या ज्या ग्रंथालयात ते पुस्तक होतं तिथे तिथे पाठवली, पहिल्या पानावर चिकटवावी अशा विनंतीसह. पाकिटांवर पत्ते मी घातले. आम्ही त्या कामापुरते पुन्हा बोलू लागलो होतो. काही ग्रंथालयांनी चिकटवली. काहींनी लिहिलं की पुस्तकांत असे फेरफार करता येत नाहीत. 'फेरफार' हा शब्द मी त्यांना मराठीत सांगितला. त्यांना तो आठवत होता.

पुढच्या वर्षाच्या अखेरीला मला अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये घर मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सरांनी मला खाली जेवायला बोलावलं. पाव, चीज, उकडलेले बटाटे. ते फार वाकले होते, पण हीटर सोळावरच होता. मी तिसरा स्वेटर घालून बसले होते. इतके महिने न विचारलेलं मी विचारलं.

"सर, तुम्ही मरणाला घाबरला होतात का?"

त्यांनी बटाटा सोलता सोलता विचार केला. ते कुठल्याच प्रश्नाला घाईने उत्तर देत नसत.

"नाही," ते म्हणाले. "निदान मला तसं वाटत नाही. पण पंचेचाळीस वर्षांत मी तिला कधी घाबरलेली पाहिली नव्हती. मला वाटलं, आज ती घाबरलेली असेल. ते मला बघवलं नसतं."

"पण त्या घाबरल्या नव्हत्या."

"हो. तू सांगितलंस ना त्या सगळ्यांसमोर."

"त्या आधीही सांगितलं होतं. त्याच दिवशी, दारात. तुम्ही लिहून घेतलंत."

"लिहून घेतलं," ते म्हणाले. "तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मला वाटलं, तू दयेपोटी सांगते आहेस, खिडकीसारखं." त्यांनी सुरी खाली ठेवली. "मग त्याने विचारलं आणि तू त्याला तेच सांगितलंस, तेच शब्द. तेव्हा मला कळलं की हे खरं आहे. म्हणजे मला जाता आलं असतं. अवघड असं तिथे काहीच नव्हतं."

त्यांनी सोललेला बटाटा माझ्या ताटात ठेवला आणि दुसरा सोलायला घेतला.